दरवर्षी चैत्रात करपणारा आणि श्रावणात मरणारा हायड्रेंजिया : विदर्भातील अंगणातल्या एका जुन्या तक्रारीचे निवारण

वरुड तालुक्यातील आमच्या गावात, संत्र्याच्या बागांनी वेढलेल्या घराच्या अंगणात, मी तुरेदार हायड्रेंजियाची तीन रोपे एकापाठोपाठ एक गमावली. प्रत्येक वेळी क्रम तोच होता. दिवाळीच्या सुमारास आणलेले रोप थंडीत निवांत राहत असे, माघात नवी पालवी फोडत असे आणि होळीपर्यंत पाहत राहावे इतके सुंदर दिसत असे. गुढीपाडव्याच्या आसपास पानांच्या कडा तपकिरी होऊ लागत, एप्रिलच्या मध्यापासून दुपारी संपूर्ण झाड मान टाकत असे, आणि मी घाबरून दिवसातून दोनदा, कधी तीनदा पाणी घालत असे. मे महिन्यात निम्मी पाने गळत. मृगाचा पाऊस आला की दोन-चार फुटवे येत आणि आशा पालवत असे, पण श्रावणातल्या झडीत एखाद्या सकाळी एक फांदी, आठवड्याने दुसरी, आणि पोळ्यापर्यंत सगळे झाड वाळून जात असे.

ओळखीच्या अनेक घरांतून हीच तक्रार ऐकली आहे आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तिचे कारण एकच सांगितले जाते, ते म्हणजे विदर्भाचे ऊन. ऊन हे कारण आहेच, पण ते एकटे नाही. चौथ्या रोपाच्या वेळी मी प्रत्येक लक्षणाची नोंद ठेवली, मेलेल्या झाडाची मुळे उपसून पाहिली, पाणी आणि माती तपासली, तेव्हा लक्षात आले की चैत्रातले करपणे आणि श्रावणातले मरणे ही एकाच आजाराची दोन टोके आहेत. उन्हाळ्यात घाबरून आपण जे उपाय करतो, त्यांनीच मुळे दुबळी होतात आणि पावसाळा फक्त शेवटचा घाव घालतो. म्हणून हे निवारण उन्हापासून सुरू न करता झाडाच्या ओळखीपासून सुरू करावे लागेल.

आपल्या अंगणात नेमका कोणता हायड्रेंजिया आहे?

आपल्याकडे 'हायड्रेंजिया' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी झुडपे विकली जातात. चेंडूसारख्या गोल, निळ्या किंवा गुलाबी फुलोऱ्याचा, जाड, रुंद आणि तकतकीत पानांचा तो मॅक्रोफिला. थंड हवेच्या गावांत बंगल्यांच्या कडेने जो दिसतो, तो बहुधा हाच असतो. शंकूच्या आकाराचे पांढरे किंवा पोपटी छटेचे तुरे देणारा तो पॅनिक्युलाटा. त्याची पाने तुलनेने पातळ, बिनचमकेची आणि टोकदार असतात, आणि अनेकदा खोडावर एकाच पेरावर दोनऐवजी तीन पाने वर्तुळात लागलेली दिसतात. फूल नसतानाही ही खूण उपयोगी पडते. पॅनिक्युलाटा मूळचा चीन, जपान, कोरिया आणि सखालिन या भागांतला. झीबोल्ड या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

हा फरक केवळ नावापुरता नाही. मॅक्रोफिलाच्या कळ्या बहुतांशी आदल्या वर्षीच्या जुन्या फांद्यांवर तयार होतात आणि त्यांना थंडीचे काही आठवडे लागतात, त्यामुळे आपल्या हवामानात तो नुसती पाने देत राहिला तर नवल नाही, आणि जानेवारीत छाटला तर उरलेली आशाही जाते. पॅनिक्युलाटा मात्र त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीच्या टोकाला फुलतो. विदर्भातील माणसाच्या दृष्टीने हीच या झुडपाची सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण नवी फूट केव्हा काढायची हे काही प्रमाणात आपल्या हाती असते. पुढचे सगळे विवेचन पॅनिक्युलाटाबद्दल आहे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करते. तुरटी घालून हा हायड्रेंजिया निळा होत नाही. मातीच्या आम्लतेनुसार आणि अ‍ॅल्युमिनियमच्या उपलब्धतेनुसार रंग बदलण्याचा गुण मॅक्रोफिलाचा आहे. पॅनिक्युलाटाचा पांढरा तुरा जुना होताना गुलाबी होतो, तोही रात्री गार असतील तरच. आपल्याकडे उष्ण दिवसांत उमललेला तुरा बहुधा गुलाबी न होता थेट तपकिरी होतो, आणि त्यात झाडाचा काही आजार नसतो.

मान टाकलेले झाड : पाणी घालण्यापूर्वी पहाटेपर्यंत थांबावे

दुपारी दोन वाजता मान टाकलेला हायड्रेंजिया तहानलेला असेलच असे नाही. त्याची पाने मोठी आणि पातळ असतात. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि हवा अत्यंत कोरडी असते, तेव्हा पानांतून उडणारे पाणी मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त होते. मातीत भरपूर ओल असली तरी पाने लोंबतात आणि सूर्य कलल्यावर पुन्हा उभी राहतात. ही झाडाची स्वतःला वाचवण्याची रीत आहे. याच वेळी आपण बादलीभर पाणी ओतले, तर आधीच ओल्या असलेल्या मातीतील उरलीसुरली हवाही निघून जाते, आणि गरम, चिंब, हवाविरहित मातीत मुळे कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड अधिकच मान टाकते, आणि आपण अधिकच पाणी घालतो. माझी पहिली दोन रोपे या फेऱ्यातच गेली.

म्हणून खरी तपासणी सकाळी सहाच्या सुमारास करावी. पहाटे पाने ताठ असतील, तर दुपारचे लोंबणे चिंतेचे नाही. तेथे सावलीची व्यवस्था हवी, जादा पाण्याची नाही. पहाटेही पाने लोंबलेली असतील, तर बांबूची एक कामटी कुंडीत बोटभर लांबीच्या दुपटीइतकी खोल खुपसून बाहेर काढावी. ती कोरडी निघाली, तर झाड खरोखरच तहानलेले आहे आणि त्याला सावकाश, खालच्या छिद्रातून पाणी येईपर्यंत पाणी द्यावे. कामटी ओली, चिकट आणि आंबूस वासाची निघाली, तर पाणी पूर्ण थांबवावे, कुंडी सावलीत विटांवर उचलून ठेवावी आणि शक्य असेल तर मातीचा गोळा अलगद बाहेर काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ फिकट रंगाचे आणि ताठ असते. कुजलेले मूळ तपकिरी असते आणि चिमटीत धरून ओढले की त्याची साल मोजा निघावा तशी निघून हातात येते व आत धाग्यासारखी शीर उरते. संत्र्याच्या मूळकुजीत हेच दृश्य आपल्या भागातील बागायतदारांनी अनेकदा पाहिलेले आहे.

हायड्रेंजिया या नावाचा अर्थ 'पाण्याचे भांडे' असा सांगून त्याला कायम ओल्या चिखलात ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ग्रीक शब्दांपासून बनलेल्या या नावाचा संबंध झाडाच्या तहानेशी नसून त्याच्या बीजकोशाच्या आकाराशी आहे, जो लहानशा घागरीसारखा दिसतो. या झाडाला सतत हलकी ओल लागते हे खरे आहे, परंतु ओल आणि दलदल यांत त्याच्यासाठी जगण्यामरण्याचे अंतर आहे.

तपकिरी कडा आणि पिवळी पाने : कोणते पान, कोणती बाजू

पाने करपली एवढेच म्हणून थांबू नये. फक्त पश्चिमेकडच्या आणि वरच्या पानांवर मोठे तपकिरी चट्टे असतील, तर ते उन्हाचे करपणे आहे. खालची, जुनी पाने सर्व बाजूंनी टोकापासून आणि कडेपासून सारखीच वाळत असतील आणि कुंडीच्या मातीवर किंवा काठावर पांढरट पापुद्रा दिसत असेल, तर ते क्षारांचे काम आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. हेच चित्र जुन्या पानांवर दिसले तर मॅग्नेशियमचा विचार करावा, आणि जुनी पाने शिरांसकट एकसारखी फिकी झाली तर नत्राचा. माझ्या तिसऱ्या रोपावर पहिली तिन्ही लक्षणे एकाच वेळी होती, आणि मी ती सगळी 'ऊन' या एका खात्यात टाकली होती.

क्षारांचा उगम मला फार उशिरा सापडला. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून आम्ही ते रोज संध्याकाळी झाडांना घालत होतो. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे टाकीच्या तळाचे पाणी मूळच्या बोअरवेलच्या पाण्यापेक्षाही अधिक क्षारयुक्त झालेले असते. कूलरच्या जाळीवर एका हंगामात जो पांढरा, कडक थर बसतो, तोच आपल्या पाण्याचा अहवाल समजावा. हे पाणी फरशी धुण्यास वापरावे, हायड्रेंजियाला कधीही घालू नये. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर भूजलच खारट असते, आणि तेथे साठवलेल्या पावसाच्या पाण्याशिवाय या झाडाचा नाद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाचे पाणी साठवणे वाटते तितके अवघड नाही. दहा फूट बाय वीस फूट टिनाच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर नऊशे लिटरच्या आसपास पाणी पडते. एका कुंडीला उन्हाळ्यात दररोज तीन लिटर धरले, तरी नव्वद दिवसांना २७० लिटर पुरतात. पहिल्या एक-दोन पावसांचे घाण पाणी सोडून द्यावे आणि पुढचे पाणी घट्ट झाकणाच्या टाकीत साठवावे, कारण उघड्या पाण्यात डास होतात. हे जमत नसेल, तर बोअरवेलच्या पंधरा लिटर पाण्यात तीन-चार ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवून आणि पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, दाखवणाऱ्या कागदाने तपासून ते सहा ते साडेसहाच्या दरम्यान आणता येते. त्यामुळे पाण्यातील बायकार्बोनेटचा (माती विम्ल करणाऱ्या घटकाचा) त्रास कमी होतो, मात्र खारटपणा कमी होत नाही, हे लक्षात ठेवावे.

चुनखडीच्या जमिनीशी भांडण मांडू नये

आमच्याकडची भारी काळी जमीन कपाशीला आणि तुरीला कितीही मानवली, तरी हायड्रेंजियाला ती दोन कारणांनी मारते. पहिले कारण चुनखडी. पश्चिम विदर्भातील काळ्या जमिनींचा पीएच सामान्यतः साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो आणि अनेक ठिकाणी मातीत चुन्याचे खडे मोकळे पडलेले दिसतात. अशा मातीत लोह असते, पण ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. उसात याच विकाराला केवडा म्हणतात. घरच्या घरी परीक्षा करायची असेल, तर मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर मोकळी चुनखडी आहे असे समजावे. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या हलक्या पिवळ्या-तांबड्या मातीत, जिला धानपट्ट्यात सिहार म्हणतात, ही अडचण पुष्कळच कमी असते, आणि तेथील वाचकांनी हा भाग वाचून घाबरण्याचे कारण नाही.

मातीत गंधक मिसळून ती आम्ल करावी असा सल्ला मिळतो. तो चुनखडी नसलेल्या मातीसाठी ठीक आहे. चुनखडीयुक्त मातीचा हिशेब करून पाहावा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात सुमारे २८० किलो माती असते. तिच्यात चुनखडी पाच टक्के धरली तर ती १४ किलो झाली, आणि एक किलो चुनखडी निकामी करायला साधारण ३२० ग्रॅम गंधक लागत असल्याने त्या एका खड्ड्याला साडेचार किलो गंधक लागेल. एवढे गंधक एकदम घातले तर झाड जगणार नाही, आणि थोडे थोडे घातले तर आजूबाजूची माती व बोअरवेलचे पाणी पुन्हा चुना आणून भरत राहील. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकण्याचेही तेच. काही दिवसांत त्यातील लोह पुन्हा अडकून पडते. पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूफूल एक लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारल्यास पाने हिरवी होतात, पण तो तात्पुरता आधार आहे. मातीतून द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून न पडणाऱ्या रूपातले लोह, घ्यावे. स्वस्त मिळणारे ईडीटीए प्रकारचे चिलेट चुनखडीच्या मातीत टिकत नाही, आणि दुकानात दोन्ही एकाच नावाने पुढे केले जातात, म्हणून पाकिटावरचा मजकूर वाचूनच घ्यावे.

दुसरे कारण चिकणमाती. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात खड्डा खोदून रेती, शेणखत आणि पालापाचोळ्याचे उत्तम मिश्रण भरले की आपण झाडासाठी एक हौद तयार करतो. भोवतालच्या भिंतींतून पाणी झिरपत नाही, आणि झडीच्या दिवसांत सगळीकडचे पाणी त्या मऊ खड्ड्यात येऊन साचते. माझे तिसरे रोप अशाच कष्टाने भरलेल्या खड्ड्यात मेले. खड्ड्यातली माती हाताने उचलली तेव्हा तिच्यातून पाणी गळत होते. साचलेल्या पाण्यात संत्र्यावर डिंक्या आणणाऱ्या फायटोप्थोरा वर्गातील बुरशी मुळांवर चढतात. संत्र्याच्या सवयीने येथे बोर्डो मिश्रण ओतण्याचा मोह होतो, पण त्यात चुना असतो, आणि ज्या झाडाला आपण चुन्यापासून वाचवत आहोत त्याच्या मातीत तो पुन्हा घालणे योग्य नाही. निचरा सुधारणे आणि पावसाळ्यापूर्वी चांगल्या कुजलेल्या शेणखतातून ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी देणे, एवढेच मी करते.

या दोन्ही कारणांवर मला सापडलेला टिकाऊ उपाय म्हणजे जमिनीचा हट्ट सोडून कुंडी स्वीकारणे. सोळा ते अठरा इंच तोंडाची मातीची कुंडी घ्यावी. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात इतकी तापते की कडेची मुळे भाजतात. तीच वापरायची असेल तर ती मोठ्या टोपलीत ठेवून मधल्या जागेत सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) भरावे. मिश्रणात दोन भाग पानांचे जुने खत, एक भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड रेती मी वापरते. नदीच्या रेतीवरही आधी व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा, कारण आपल्याकडच्या रेतीत चुन्याचे खडे असू शकतात. जमिनीतच लावायचे असेल, तर खड्डा न करता जमिनीवर दीड फूट उंच ओटा रचून त्यावर लावावे.

सावली केव्हा, कोठून आणि किती

थंड देशांत या झुडपाला दिवसभराचे ऊन चालते आणि तेथील पुस्तकी सल्ले तसेच असतात. येथे त्याला सकाळी दहापर्यंतचे ऊन पुरे. घराची पूर्वेची बाजू सर्वोत्तम, कारण दुपारी घराचीच सावली पडते. पश्चिमेकडची भिंत, टिनाचे छप्पर आणि शहाबादी फरशी सूर्य मावळल्यावरही उष्णता ओकत राहतात, म्हणून त्यांच्यापासून कुंडी चार हात लांब असावी. मार्चच्या मध्यापासून पहिल्या दमदार पावसापर्यंत पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी झाडाच्या दोन फूट वर बांधावी, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या झळांसाठी तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा (तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) कूड उभा करावा. वरची जाळी सगळेच बांधतात, पण पाने करपवते ती बाजूने येणारी गरम हवा. कूड उभा केल्यापासून माझ्या झाडाच्या पश्चिमेकडच्या पानांत जेवढा फरक पडला, तेवढा दुसऱ्या कोणत्याही एका उपायाने पडला नाही. मातीवर चार बोटे जाडीचा कुटाराचा किंवा तणसाचा थर असावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये.

ताण न देता मृग बहार

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पहिल्या वर्षी फूल येईना तेव्हा सासरे म्हणाले होते, "सूनबाई, झाडाले ताण देल्याशिवाय बहार येत नाही." संत्र्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत आणि पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मृग बहारासाठी मे महिन्यात पाणी तोडले जाते, आणि त्या ताणानंतर झाड फुलते. हायड्रेंजियाला असा ताण दिला तर ते फुलत नाही, मरते. परंतु सासऱ्यांच्या बोलण्यातला बहार निवडण्याचा विचार मात्र मला पुढे फार उपयोगी पडला.

थंड देशांतील पद्धतीप्रमाणे मी हिवाळ्याच्या शेवटी छाटणी करत असे. त्यामुळे माघात फूट येई, चैत्रात शेंड्यावर कळ्या दिसू लागत, आणि नेमक्या त्याच वेळी ४० अंशांवर ऊन जाई. झाड आपली सगळी शक्ती अशा तुऱ्यांत घालत होते, जे उमलण्यापूर्वीच भाजून जाणार होते. आंबिया बहार या झाडाला येथे मानवत नाही. चौथ्या रोपापासून मी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फक्त वाळलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या काढते व उरलेल्या फांद्या एक तृतीयांश कमी करते, म्हणजे झुडूप आटोपशीर राहते. एप्रिलमध्ये दिसलेल्या कळ्या निर्दयपणे खुडून टाकते. मार्चपासून पावसापर्यंत कोणतेही नत्रयुक्त खत देत नाही, कारण त्याने येणारी कोवळी, पाणीदार फूट सर्वांत आधी करपते. मे महिन्यात झाडाने वाढावे ही अपेक्षाच सोडून देते, ते फक्त जिवंत राहावे एवढेच पाहते. मृगाचा चांगला पाऊस होऊन हवा गार झाली की प्रत्येक फांदीचा शेंडा दोन पेरांनी कमी करते आणि मूठभर गांडूळखत देते. या छाटणीनंतरची फूट ओलसर, मवाळ हवेत वाढते आणि नव्या फांदीवरच फुलण्याचा गुण असल्याने तिच्या टोकाला पोळ्यानंतर तुरे दिसू लागतात. गेली दोन वर्षे नवरात्राच्या सुमारास माझ्या झाडावर तुरे होते. ते चित्रात दिसणाऱ्या तुऱ्यांएवढे मोठे नव्हते, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी नऊ होते, हातभर लांबीचे नव्हे तर वितीच्या आतले होते. पण ते पूर्ण उमलले आणि तीन आठवड्यांहून अधिक टिकले.

झडीच्या दिवसांत कुंडी वळचणीखाली पण पागोळ्यांपासून दूर सरकवावी, विटांवर ठेवावी आणि खालची छिद्रे बुजली नाहीत ना हे आठवड्यातून एकदा पाहावे. कुंडी उचलून हलवता येणे हा येथे मोठा लाभ ठरतो. पावसाने भिजलेले तुरे जड होऊन फांदी वाकते, तिला तुराटीचा आधार बांधावा.

रांगच हवी असेल तर

चित्रांतील पांढऱ्या तुऱ्यांची लांबलचक रांग पाहून अनेक जण कुंपणाच्या कडेने दहा-बारा रोपे लावण्याचा बेत करतात. उघड्या अंगणात तो करू नये. दोन किंवा तीन कुंड्या पूर्वेच्या ओसरीपाशी, दारातून येता-जाता दिसतील अशा ठेवाव्यात, मागे अळू किंवा फर्नची हिरवी बाजू असावी, एवढ्यानेच पांढरा तुरा उठून दिसतो. कुंडीसाठी तीन फुटांच्या आसपास राहणारा 'बोबो' किंवा 'लिटल लाइम' हे वाण घ्यावेत. 'लाइमलाइट' सहा-आठ फुटांपर्यंत वाढतो आणि त्याच्या पानांची तहान कुंडी भागवू शकत नाही. उन्हातल्या रांगेसाठी पांढऱ्या फुलांची सावनी लावावी. तिचेही तुरे नव्या फुटीवर येतात, तीही जानेवारीत छाटता येते, आणि ती विदर्भाचे ऊन सोसते. आपले राज्यपुष्प असलेली तामण तिचीच बहीण आहे, पण तो मोठा वृक्ष होतो.

रोप विकत घेण्याची वेळही महत्त्वाची आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेले, थंड ठिकाणाहून आलेले रोप पाहून मन मोहते, पण त्याला मुळे पसरवायला वेळच मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये साधे, बिनफुलाचे, भरपूर फुटव्यांचे रोप घ्यावे आणि थंडी संपण्यापूर्वी त्याची कुंडी बदलून घ्यावी.

ज्यांचे झाड आजच एप्रिलच्या उन्हात मान टाकून उभे आहे, त्यांनी या हंगामात कुंडी बदलू नये, छाटणी करू नये, खत घालू नये. ते सावलीत न्यावे, कळ्या खुडाव्यात, पश्चिमेला कूड किंवा ओले गोणपाट लावावे, कूलरचे पाणी बंद करावे आणि उद्या पहाटे सहा वाजता कामटी घेऊन झाडाजवळ जावे. कडा करपलेली पाने तोडू नयेत. अर्धे हिरवे पानही खोडावर सावली धरते आणि थोडे अन्न तयार करते. ती मृगाच्या पावसानंतर, नवी पालवी बोटभर झाली की काढावीत.